आपल्या बोलण्यातील रंगभूमी

शतकमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा प्रथम डोळ्यांसमोर आले ते आपल्या ग्रंथालयातील नाटकांचे कपाट. विद्यार्थिदशेपासून आजतागायत या कपाटाशी माझा संबंध आहे. त्यातील जुन्या प्रती चाळताना एक गोष्ट वारंवार आढळते. कुणा एकाच पात्राच्या संवादांखाली पेन्सिलीने रेघा मारलेल्या असतात. समासात ‘येथे थांबणे’, ‘डावीकडून’ अशा बारीक अक्षरांतील सूचना असतात. ग्रंथपालांच्या दृष्टीने ही पुस्तकाची नासधूस. माझ्यासारख्याला मात्र तो इतिहासाचा कागद वाटतो. गावातील हौशी नटांनी पुस्तक घरी नेले, आपापली ‘नक्कल’ उतरवून घेतली आणि उत्सवात नाटक उभे केले, याची ती साक्ष आहे. नाटक मंडळ्यांच्या परिभाषेत ‘नक्कल’ म्हणजे नटाच्या वाट्याचे, मूळ संहितेतून वेगळे उतरवून काढलेले संवाद. नक्कल चोख पाठ असणे ही नटाच्या कसबाची पहिली अट मानली जाई. आज हा शब्द उच्चारला की आठवते ती दुसऱ्याच्या चालण्याबोलण्याची थट्टा, नाहीतर कचेरीतून मिळणारी कागदाची प्रत.

पुस्तकांत राहिलेल्या अशा खुणा थोड्याच. आपल्या बोलण्यात राहिलेल्या मात्र अगणित आहेत. सकाळचे वर्तमानपत्र उघडावे. दोन पुढाऱ्यांत ‘कलगीतुरा’ रंगलेला असतो. नगरपालिकेची निवडणूक विधानसभेची ‘रंगीत तालीम’ ठरते. चौकशीचा ‘फार्स’ होतो. प्रकरणावर ‘पडदा’ पडतो आणि ‘पडद्यामागचा सूत्रधार’ मोकळाच राहतो. घरात मूल ‘नाटक’ करते, शेजारी ‘तमाशा’ होतो, पाहुणे ‘नमनाला घडाभर तेल’ जाळतात. ज्याने आयुष्यात एकदाही नाट्यगृहाची पायरी चढलेली नाही, त्याच्याही तोंडी ही भाषा असते. हे शब्द वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या मंचांवरून आपल्या बोलण्यात उतरले आहेत. ते नीट उलगडून पाहिले, तर मराठी रंगभूमीच्या इतिहासाबरोबरच आपण कलावंतांना कसे वागविले, याचाही इतिहास हाती लागतो. प्रस्तुत लेखात तो थोडक्यात मांडण्याचा प्रयत्न आहे.

दिवट्यांच्या उजेडात

या शब्दांचा सर्वांत जुना थर देवळाच्या अंगणातला आहे. नाट्यगृहे व्हायच्या कितीतरी आधी मराठी मुलखात ‘सोंग’ होते. ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात बहुरूप्यांच्या राजाराणीचा दृष्टान्त येतो: ते लोकांसमोर राजाराणी म्हणून वावरतात, पण पतिपत्नीचा भाव त्यांच्या मनात नसतो. शके १२१२ मधील, म्हणजे इ. स. १२९० च्या, ग्रंथात अभिनयाचे मर्म इतक्या नेमकेपणाने आलेले पाहून आजही आश्चर्य वाटते. तुकोबांच्या अभंगांत ‘सोंग संपादणे’ हा प्रयोग आढळतो. रामदासांनी ‘दासबोधा’च्या सहाव्या दशकात दशावतारी खेळातील सुंदर स्त्रियांचे नेत्रकटाक्ष वर्णून, त्या प्रत्यक्षात धटिंगण पुरुष आहेत, अशी मिस्कील नोंद केली आहे. संतांच्या श्रोत्यांना हे सारे रोजच्या पाहण्यातले होते. म्हणूनच त्याचे दृष्टान्त होऊ शकले.

ललित, बोहाडा, दशावतार यांसारख्या उत्सवी खेळांत सोंगे एकामागून एक येत. देवदेवता, राक्षस, चोपदार, वासुदेव असे कितीतरी जण विंगेत नव्हे, देवळाच्या आडोशाला तयार होऊन बसलेले असत आणि पूर्वेकडे फटफटू लागे. ‘रात्र थोडी, सोंगे फार’ ही म्हण त्या घाईची आहे. आज बजेटच्या शेवटच्या आठवड्यात कारकून ती म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात सोंग नसते. परंतु म्हणीतील रात्र आणि तिची धांदल जशीच्या तशी शिल्लक असते.

‘नमनाला घडाभर तेल’ या म्हणीचेही तेच. दक्षिण कोकणात आणि गोव्यात आजही दशावताराच्या मुख्य आख्यानापूर्वी गणपती, ऋद्धि-सिद्धि, सरस्वती, संकासूर यांचा पूर्वरंग होतो. त्याला ‘आड दशावतार’ म्हणतात. विजेचे दिवे नव्हते तेव्हा खेळ मशाली-दिवट्यांच्या उजेडात चाले. दिवटीला सारखे तेल घालावे लागे आणि त्या तेलाचा खर्च गावाच्या वर्गणीतून होई. गणपतीच्या नमनातच घडा रिकामा झाला, तर पुढे आख्यान कशाच्या उजेडात करायचे? गावकऱ्याच्या हिशेबी मनातून ही म्हण निघाली आहे. माझ्या लहानपणी वडिलांचे एक परिचित उसने पैसे मागायला येत आणि पाऊसपाण्यापासून सुरुवात करीत. ते गेल्यावर आजी म्हणे, “नमनालाच घडाभर तेल गेलं हो!” तिच्या लहानपणीसुद्धा गावच्या खेळाला गॅसबत्ती आलेली होती. दिवटी विझली होती. म्हण तेवत होती.

काही वर्षांपूर्वी बी. ए.च्या परीक्षेत मी हीच म्हण स्पष्टीकरणासाठी विचारली. एका विद्यार्थिनीने लिहिले, की शनिवारी मारुतीला नमस्कार करताना लोक गरजेपेक्षा जास्त तेल वाहतात, त्यावरून ही म्हण पडली. उत्तर चुकीचे होते, पण हसण्याजोगे नव्हते. तिने पाहिलेल्या जगात तेल आणि नमस्कार यांची सांगड मारुतीच्याच देवळात होती. ज्या अंगणात ती म्हण जन्मली, ते अंगण तिला कुणी दाखविलेच नव्हते.

याच थरातील आणखी काही शब्द पाहू. राक्षसाचे सोंग येताना मशालीवर राळेची पूड फेकीत; भपकन ज्वाळ उठे, धूर होई आणि पोरे दचकत. ‘आरोपांची राळ उडविणे’ यातील राळ ती. भपका मोठा, पण क्षणाचा. राजकीय आरोपांचे याहून अचूक वर्णन होणे कठीण. शाहिराच्या मागे उभे राहून त्याचा शेवटचा स्वर लांबविणारे झीलकरी आपल्याला ‘री ओढणे’ या वाक्प्रचारात भेटतात. ‘तेच तुणतुणे वाजविणे’ हा शब्दप्रयोग कंटाळवाण्या पुनरुक्तीसाठी का रूढ झाला, हे एका तारेचे ते वाद्य ज्याने ऐकले आहे त्याला सांगावे लागत नाही. ‘कलगी’ आणि ‘तुरा’ हे तर शाहिरी परंपरेतील दोन पक्ष. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानीत, तुरेवाले शिवाला. आणि रात्रभर एकमेकांना कवनांतून कूट प्रश्न घालीत. आज पुढाऱ्यांच्या शिवीगाळीला आपण कलगीतुरा म्हणतो, तेव्हा त्या शाहिरांच्या तत्त्वज्ञानावर अन्यायच करतो. तमाशातील ‘फड’ही असाच बोलण्यात आला आहे, सभेत बाजी मारणारा वक्ता आजही ‘फड गाजवितो’.

सूत्रधार पडद्यामागे कसा गेला?

१८४२ साली कर्नाटकातील कर्की येथील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. ते पाहून चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी आपल्या आश्रयाला असलेल्या विष्णुदास भावे यांना तसे, पण अधिक नेटके खेळ मराठीत रचण्यास सांगितले; आणि १८४३ मध्ये सांगलीच्या राजवाड्यात ‘सीतास्वयंवर’ झाले. तंजावरच्या भोसले राजांनी लिहिलेली मराठी नाटके याच्याही दीडशे वर्षे आधीची. म्हणजे मराठी नाटकाची जुनी संहिता तमिळ देशात सापडते आणि आधुनिक नाटकाची प्रेरणा कानडी मुलखातून येते. आपल्यासारख्या सीमाभागातील वाचकांनी ही गोष्ट विसरू नये. आमच्या बेळगावच्या बाजारात मराठी आई मुलाला ‘नाटकं करू नकोस’ म्हणते आणि शेजारची कानडी आई ‘नाटक माडब्याड’ म्हणते, तेव्हा दोन्ही भाषा एकाच अंगणातून आल्याचे कानाला कळते.

भाव्यांच्या खेळात सूत्रधार सर्वांच्या पुढे, सर्वांच्या देखत उभा असे. टाळमृदंगाच्या साथीत पदे तोच गाई. पात्रे येत, समयोचित भाषण करीत आणि जात. राक्षसांच्या आरोळ्यांवरून आणि मृदंगाच्या बोलांवरून पुढील पिढीने या नाटकांना ‘अलल्डुर्र’ आणि ‘तागडथोम’ अशी थट्टेची नावे ठेवली. त्या काळी ‘पडद्यामागचा सूत्रधार’ हा शब्दप्रयोग कुणाला सुचलाच नसता. कारण सूत्रधार रात्रभर पडद्यापुढेच असे.

बदल घडविला तो आपल्याच जिल्ह्यातील एका नाटककाराने. बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. साल १८४३, म्हणजे ‘सीतास्वयंवरा’चेच. १८८० मध्ये त्यांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ आणि १८८२ मध्ये ‘संगीत सौभद्र’ रंगभूमीवर आणले. या नाटकांत पदे पात्रांच्या तोंडी आली. सूत्रधार नांदीनंतर प्रवेश करतो, नटीशी किंवा पारिपार्श्वकाशी चार शब्द बोलतो आणि निघून जातो. त्यानंतर प्रेक्षकांना तो दिसत नाही, पण नाटक तर त्याने लावून दिल्याप्रमाणे चालूच असते. ‘पडद्यामागचा सूत्रधार’ ही कल्पना अशा रंगभूमीवरच संभवते. तिला बळ मिळाले ते कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाचे. सूत्रधाराचे ‘सूत्र’ बाहुल्यांची दोरी की सुताराची मापाची दोरी, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. लोकांनी मात्र बाहुल्यांच्या बाजूने कौल दिला आहे. ज्या भाव्यांनी सूत्रधाराला पडद्यापुढे उभे केले, त्यांनीच उत्तरायुष्यात लाकडी बाहुल्या घडविल्या, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

नाटकात मंगल नांदीनंतर विद्वज्जनांना वंदन करणारा हा सूत्रधार आज पोलिसी बातमीत जाऊन बसला आहे. ‘मुख्य सूत्रधार अटकेत’ एवढे वाचले, की गुन्हा घडल्याचे वेगळे सांगावे लागत नाही.

संस्कृताचे देणे

एकोणिसाव्या शतकात परशुरामतात्या गोडबोले यांच्यासारख्या पंडितांनी ‘वेणीसंहार’, ‘शाकुंतल’ आदी नाटके मराठीत आणली. शाळा-महाविद्यालयांतून कालिदास-भवभूती शिकविले जाऊ लागले. या मार्गाने नाट्यशास्त्राची परिभाषा शिक्षितांच्या लेखणीत आली आणि तिथून सर्वांच्या बोलण्यात झिरपली.

‘भूमिका’ हा त्यांतील सर्वांत भाग्यवान शब्द. मूळ अर्थ नटाने धारण केलेले पात्र. आज पक्ष भूमिका ‘घेतो’, संपादक भूमिका ‘मांडतो’, ग्रंथकार आरंभी ‘भूमिका’ लिहितो. अंगावर चढविलेला वेष पुढे मनाची निष्ठा दर्शवू लागला. ‘प्रयोग’ही असाच. ‘शाकुंतला’च्या प्रस्तावनेत सूत्रधार म्हणतो, की विद्वानांचा संतोष होत नाही तोवर मी माझे नाट्यकौशल्य चांगले मानणार नाही. तिथे त्याने वापरलेला शब्द ‘प्रयोगविज्ञान’ असा आहे. हा शब्द फळ्यावर लिहिला, की मुलांना प्रयोगशाळेतील परीक्षानळी दिसते. त्यांचेही चुकत नाही. नाटकाचा शब्द रसायनशास्त्राने उसना घेतला आणि मूळ मालक कोण, हे लोक विसरले.

‘नांदी’ आणि ‘भरतवाक्य’ या जोडीचे दैव मात्र निराळे. दोन्ही मूळचे आशीर्वाद. एक नाटकाच्या आरंभी, दुसरा शेवटी. व्यवहारात युद्धाची, संकटाची, फुटीची ‘नांदी’ होते. शुभाची नांदी झाल्याचे क्वचितच ऐकू येते. ‘भरतवाक्य’ म्हणजे तर केवळ शेवट, आणि तोही सुटकेचा निःश्वास टाकावा असा. ‘पात्र’ या शब्दाचीही उतरण झाली. ‘काय पात्र आहे!’ हे उद्गार कुणाच्या स्तुतीसाठी निघत नाहीत.

पडदा, घंटा आणि वन्समोअर

१८५३ मध्ये भाव्यांच्या मंडळीने मुंबईत ग्रांट रोडच्या नाट्यगृहात खेळ केले. इंग्रजी पद्धतीचा रंगमंच, तिकिटे, दर्शनी पडदा यांची ओळख मराठी नाटकाला त्या सुमारास झाली आणि तिसऱ्या थरातील शब्द तिथून आले.

‘पडदा पडणे’ यातील क्रियापदाकडे लक्ष द्यावे. आज बहुतेक नाट्यगृहांतील दर्शनी पडदा मधोमध दुभंगून बाजूला सरकतो. पण ‘त्या प्रकरणाचा पडदा सरकला’ असे कुणी म्हणत नाही. जुना पडदा बांबूवर गुंडाळलेला असे. दोरी ओढली की वर जाई, सोडली की धपकन खाली येई. तो पडदा गेला, त्याचे ‘पडणे’ भाषेत राहिले. रंगीत तालीम, म्हणजे रंगभूषा-वेशभूषेसह शेवटची तालीम, ही आता प्रामुख्याने निवडणुकीच्या आधी होते. ‘तिसरी घंटा’ नाट्यगृहात वाजते तशी ती राजकारणातही वाजते. गंभीर नाटकानंतर प्रेक्षकांना हसविण्यासाठी होणारे छोटे प्रहसन ‘फार्स’ या इंग्रजी नावानेच ओळखले जाई. आज ते चौकशी आयोगांच्या वाट्याला आले आहे. संगीत नाटकात पदाला ‘वन्समोअर’ मिळे आणि त्यापायी नाटक पहाटेपर्यंत लांबे. आता मतदार सत्ताधाऱ्यांना वन्समोअर देतात. कुणाच्या मृत्युलेखात ‘अकाली एक्झिट’ असते. इंग्रजी शब्द असूनही तो आपल्याला बोचत नाही, कारण तो कोशातून न येता रंगमंचावरून आलेला आहे.

काही वेळा नाटकाने परिभाषेऐवजी माणसेच भाषेला दिली. राम गणेश गडकरी यांचे जानेवारी १९१९ मध्ये निधन झाले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग बडोद्यात केला. सयाजीराव महाराजांच्या त्या नगरीतून निघालेला ‘तळीराम’ आज नाटक न वाचलेल्यांच्याही ओळखीचा आहे. वर्तमानपत्रांना दारुड्यासाठी त्याहून सोपा शब्द सापडलेला नाही. बेळगावात शिकलेल्या आणि इथेच काही काळ शिक्षकी केलेल्या गोविंद बल्लाळ देवलांनी ‘संशयकल्लोळ’ दिले. ते नाटकाचे नाव आज कुठल्याही गैरसमजाच्या गोंधळाला लागते.

शब्दांची प्रतिष्ठा

येथवर जे शब्द आले ते ओळीने मांडून पाहिले, तर एक गोष्ट खटकते. ‘भूमिका’ आणि ‘प्रयोग’ यांना भाषेत मानाचे आसन मिळाले. उलट ‘सोंग’ म्हणजे ढोंग, ‘बतावणी’ म्हणजे खोटेपणा, ‘तमाशा’ म्हणजे चारचौघांत होणारी बेअब्रू. ‘दौलतजादा’ म्हणजे उधळपट्टी. बतावणी हे तर गण, गौळण आणि वग यांच्या जोडीचे तमाशाचे एक अंग. हजरजबाबीपणाची सर्वांत अवघड परीक्षा तिथेच होते. ‘तमाशा’ या फारसीतून आलेल्या शब्दाचा अर्थही केवळ प्रेक्षणीय देखावा असा होता. तो अब्रूशी कुणी जोडला?

याचे एक उत्तर सरळ आहे. नाट्य हाच मुळी आभास. तेव्हा त्यातून खोटेपणाचे शब्द निघणारच. ‘नाटकी’ हा शब्द संस्कृत असूनही शिवीच आहे. पण एवढ्याने समाधान होत नाही. आपला व्यवहार पाहा. आपण घेतो ती भूमिका. शेजारी करतो ते नाटक. आणि ज्याला आपण आपल्या बरोबरीचा समजत नाही, तो करतो तो तमाशा. संस्कृत पोथीतून आलेले शब्द आपण स्वतःसाठी ठेवले. अंगणात, फडावर घडलेले शब्द दुसऱ्याला हिणविण्यासाठी वापरले. हे शब्द ज्यांनी घडविले, ते बहुतांशी गावकुसाबाहेरचे आणि भटक्या जातींचे कलावंत होते, ही बाब इथे दुर्लक्षून चालणार नाही. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी नावाचा ब्राह्मण तरुण कुलकर्णीपण सोडून तमाशात गेला आणि पठ्ठे बापूराव झाला, तेव्हा त्याला समाजाने काय दिले, हे सर्वश्रुत आहे. विठाबाई नारायणगावकर खेळ चालू असताना बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. तरी अखेरचे दिवस हलाखीत गेले. २००२ मध्ये त्या निवर्तल्या. आज त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासन जीवनगौरव पुरस्कार देते. पुरस्काराच्या फलकावर ‘तमाशा’ हा कलेचा शब्द असतो. त्याच संध्याकाळी घरी आपण मुलाला ‘तमाशा करू नकोस’ म्हणतो.

हे मी दुसऱ्यांना सांगतो आहे, परंतु मला ते उशिरा कळले. पंधराएक वर्षांपूर्वी तास चालू असताना मागच्या बाकांवर गलका झाला आणि मी ओरडलो, “वर्गात तमाशा चालणार नाही!” वर्ग शांत झाला. तास संपल्यावर निपाणीकडून येणारा एक मुलगा माझ्यामागे जिन्यापर्यंत आला. अत्यंत नम्रपणे तो म्हणाला, “सर, माझी आजी फडावर होती. तमाशात असा गोंधळ नसतो. ढोलकीची एक थाप चुकली तरी तिथं सगळ्यांना कळतं.” मला उत्तर सुचले नाही. “बरोबर आहे तुझं,” एवढेच मी म्हणालो.

घरी जाताना ध्यानात आले, की तमाशाची बाजू घेताना त्या मुलाने वापरलेला ‘गोंधळ’ हा शब्दही तसलाच. चौक मांडून, दिवटी पेटवून, संबळ-तुणतुण्याच्या साथीत आईभवानीला पाचारण करणारा गोंधळी किती शिस्तीचा विधी करतो! रात्रभराच्या त्या विधीचे नाव आपण बेशिस्तीला दिले. तमाशाच्या घरातील मुलालाही ते जाणवले नाही, इतके ते अंगवळणी पडले आहे. मीही या लेखात वर ‘गैरसमजाच्या गोंधळाला’ असे लिहून गेलो आहे. वाचकांच्या ते लक्षात आले असल्यास आनंदच आहे. ते मी खोडलेले नाही.

भाषेतून असे शब्द काढून टाकावेत, असे माझे म्हणणे नाही. वाक्प्रचार हुकुमाने जात नाहीत आणि जाऊही नयेत; दिवटीची, राळेची, गुंडाळलेल्या पडद्याची आठवण त्यांनीच जपली आहे. उच्चारताना त्यामागचा माणूस आठवावा, इतकेच. त्या दिवसानंतर मी वर्गात तो शब्द रागाने उच्चारला नाही. आणि दरवर्षी म्हणी शिकविताना नमनाच्या घड्यापासून सुरुवात करतो.

एक विनंती

शतक पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयाकडे या निमित्ताने एक मागणे आहे. आपल्या नाटकांच्या कपाटात किर्लोस्कर आहेत, देवल आहेत, गडकरी आहेत; छापील नाटकांची परंपरा आपण निष्ठेने जपली आहे. परंतु वरील शब्दांपैकी निम्मे ज्या खेळांतून आले, त्यांची एकही संहिता त्या कपाटात नाही. वग, गौळणी, कलगी-तुऱ्याची कवने, दशावतारातील पदे ही छापली गेली ती थोडी. उरलेली हस्तलिखित चोपड्यांत आणि म्हाताऱ्या कलावंतांच्या स्मरणात आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यात अशा चोपड्या घरोघरच्या माळ्यांवर पडून आहेत. चोपडीला वाळवी लागते आणि स्मरणाला वय. आपल्या मुलांपैकी बरीच आज इंग्रजी किंवा कानडी माध्यमात शिकतात; त्यांच्यापर्यंत हे शब्द पोहोचतील तेव्हा सोबत ते अंगण पोहोचविण्याचे काम शाळा करील, अशी आशा धरता येत नाही. ते ग्रंथालयानेच करावे.

संपादकांनी पहिले दान मागितल्यास माझ्याकडे एक आहे. जिन्यात भेटलेला तो मुलगा पुढे शिक्षक झाला. गेल्या वर्षी त्याने आजीच्या फडातील वगाची एक चोपडी मला वाचायला आणून दिली. पाने पिवळी पडली आहेत, शेवटची काही गेली आहेत. एका पात्राच्या बोलण्याखाली पेन्सिलीने रेघा मारलेल्या आहेत. त्याच्या संमतीने ती आपल्या नाटकांच्या कपाटात, ‘सौभद्रा’च्या शेजारी, ठेवावी अशी माझी इच्छा आहे.